फायबरची बोट आणि राळेचे गणित

संपादक महोदय,

सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे धडगाव-अक्कलकुवा भागातील नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांना बोटीवाचून वाट नाही, आणि तरीही फायबरची बोट म्हणजे साच्यात ओतलेले प्लास्टिक, असाच समज आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक ती बाहेरून आत घडते: मेण लावलेल्या साच्यात प्रथम जेलकोटचा रंगीत, गुळगुळीत थर बसतो, तो आळल्यावर काचतंतूंचे थर राळेत, म्हणजे रेझिन या नंतर घट्ट होणाऱ्या द्रवात, भिजवून एकावर एक रचले जातात आणि रुळाने आतली हवा काढली जाते. महागड्या मोटरयाटमध्ये, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या आलिशान बोटींमध्ये, हेच काम निर्वात पद्धतीने होते. कोरडे थर प्लास्टिकच्या आवरणाखाली ठेवून पंपाने हवा ओढली की राळ आपोआप सर्वत्र भिनते. बाजूंच्या भिंतींत फोम किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा घातल्याने वजन फारसे न वाढता ताठपणा येतो.

राळ घट्ट व्हावी म्हणून तिच्यात उत्प्रेरक साधारण 1 ते 2 टक्के घालतात, पण खानदेशातल्या वैशाखात तेवढ्यानेही ती भांड्यातच गोठू शकते; पहाटे काम उरकणारा कारागीरच शहाणा म्हणायचा. बोट खरेदी करताना केवळ आसनसंख्या व इंजिनाची शक्ती न पाहता लहान बोटींच्या स्थैर्यासाठीचे आयएसओ 12217 हे मानकही निविदेत नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शहादा