बाबांना वाचून दाखव

कोलंबस, ओहायो

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. आई, तू वाचून दाखव. माझी तब्येत चांगली आहे, डबा रोज स्वतः करून नेतो. आवाज बसला होता तो दोन दिवसांपुरता. आणि टीव्हीवर गोळीबाराच्या बातम्या बघून जीव टांगणीला लावू नका. मी राहतो तिथे रात्री साडेनऊला सगळं सामसूम असतं.

शनिवारी बंदुका पाहिल्या, पण त्यात नुसती दारू होती, गोळी नाही. नीट सांगतो. 1861 ते 1865 इथे गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण एकमेकांशी लढले. सहा लाखांवर माणसं गेली. त्या लढाया इथले लोक सुट्टीच्या दिवशी पुन्हा लढतात! कुणी मास्तर, कुणी बँकेतला. पदरच्या पैशाने जाड लोकरीचा कोट शिवून घेतात, भर उन्हात घालतात, तंबूत झोपतात. गोळी लागल्यासारखे धाडकन गवतात पडतात आणि तसेच पडून राहतात. बघणारे घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. मग बिगुल वाजतो, मेलेले सगळे उठतात आणि टोपी काढून उभे राहतात. कुणी हसत नाही. माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसत होती.

त्यात दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं ढोल वाजवत होतं. पट्टा सारखा खांद्यावरून घसरायचा, ते कोपराने सावरायचं, पण ठेका चुकू द्यायचं नाही.

असाच एक जॉनी क्लेम होता, इथून पाऊण तासावरच्या न्यूअर्कचा. जन्म 1851. बाप भाजी पिकवून दारोदार विकायचा, पोरं हाताखाली. 1861 मध्ये रेल्वेचे रूळ ओलांडताना आई गेली. त्याच वर्षी, नऊ वर्षांचा असताना, हा फौजेच्या मागे पळाला. आधी लहान म्हणून हाकलला, पण शेवटी मिशिगनच्या 22व्या पलटणीने ढोल वाजवायला ठेवून घेतला. नाव पटावर नव्हतं, तर अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून महिना 13 डॉलर दिले. सप्टेंबर 1863 मध्ये चिकामॉगाच्या लढाईत त्याच्या उंचीला कापलेली बंदूक घेऊन लढला आणि बाराव्या वर्षी सार्जंट झाला. पुढे पुन्हा फौजेतच गेला. 1915ला निवृत्त झाला, तेव्हा त्या युद्धातला नोकरीत उरलेला तो शेवटचा.

सगळे त्याचं शौर्य सांगतात. माझ्या डोळ्यांपुढून त्याचा बाप हलत नाही. बायको गेली, पोरगं गेलं, तरी सकाळी भाजी विकायलाच हवी. बाबा, मला गाडीत बसवून तुम्ही तसेच नारायणगावला टोमॅटोचे क्रेट घेऊन गेलात, हे मला काकांकडून वर्षाने कळलं.

गुरुवारी चाळीस हजार टाकलेत. ट्रॅक्टरचा हप्ता भरा, आणि उरलेल्यातून बाबांचं कानाचं मशीन घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दिवाळीला येणं होत नाही. तिकिटाचं कारण नाही, कागद अडकलेत, आत्ता बाहेर पडलो तर परत येता येईलच असं नाही. ताईला भाऊबीजेचं मीच सांगेन, तू सांगू नकोस. ओतूरच्या स्थळाला नाही म्हणू नका, पण मला आधी मुलीशी बोलू द्या. इथे किती वर्षं राहणार हे तिला खरं सांगावं लागेल, आणि तुम्हालाही.

लसणाची चटणी संपली. घाई नाही.

तुमचा,
संदीप