शनिवारचा ओपन माइक: नावं गुरुवारपर्यंत

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता मंडळाच्या सभागृहात मराठी ओपन माइक आहे, म्हणजे कुणीही मंचावर येऊन विनोद सांगायचे. प्रत्येकाला ५ मिनिटं. चौथं संपलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवू. मग शेवटचा विनोद करून उतरायचं. गेल्या वेळी एका काकांनी टॉर्च बघून "लाइट गेली का?" विचारलं आणि आणखी ९ मिनिटं बोलले. (मोठा हशा त्यालाच आला, हे मान्य.) १९७९ साली सुरू झालेल्या लंडनच्या कॉमेडी स्टोअरमध्ये कंटाळवाण्या कलाकाराला गाँग वाजवून उतरवत. आपण टॉर्चवरच थांबलोय.

रेकॉर्डिंग अजिबात नको. पाच मिनिटांचा मजकूर महिनोन्‌महिने घासावा लागतो. तो व्हॉट्सॲपवर फिरला की पुढच्या वेळी कोण हसणार? पंच (विनोदाचा शेवटचा हशाचा फटका) आधी ओळखलात तरी ओरडू नका. पुढच्या खुर्च्या भरा, नवख्याला समोर चेहरे लागतात.

आणि "भिया"वरचा (आपल्या इंदुरी "भैया"वरचा) विनोद प्रत्येकी एकच! स्टँड-अप कॉमेडियन झाकिर खान इंदूरचा म्हणून आपण सगळेच झाकिर नाही.

नावं गुरुवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा. कार्यक्रमानंतर सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) भुट्ट्याचा कीस, ज्याचा त्याने खर्च.