नॅशुआच्या काकांना, काठीसकट आभार

काका,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये. पण गणपतीच्या जेवणाच्या लाइनीत माझा फोन हातात घेऊन "हे आईबाबांना घेऊन करणारेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" असं विचारणारे तुम्हीच, तेव्हा ओळखालच.

तेव्हा फोनवर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या, फ्रँकोनिया रिज या डोंगरधारेचा पायी लूप उघडलेला होता. फोटो भारी, आणि लूप म्हणजे जिथून निघालो तिथेच परत, म्हणजे सोपाच असणार, एवढाच माझा अभ्यास. त्यात बाबांनी वाटेतल्या माउंट लाफायेटची उंची बघून "हा तर आपल्या कळसूबाईपेक्षा बुटका" असं म्हणून शिक्काही मारलेला (खरंच आहे बुटका, 1,600 मीटर, कळसूबाई 1,646). तुम्ही म्हणालात, शिखर किती उंच ते सोड, मैलपण सोड, एकूण चढ किती फूट ते बघ. बघितलं तर सुमारे 9 मैल आणि जवळजवळ 3,900 फूट! वर रिजवर झाडं नाहीत, वारा सुटला की आडोसा नाही, आणि याच व्हाइट माउंटन्समध्ये माउंट वॉशिंग्टनवर 1934 साली ताशी 231 मैल वारा मोजलाय, हे सगळं तुम्ही मठ्ठा पीत पीत निवांत सांगत होतात आणि माझा मसालेभात घशाखाली उतरेना.

मग तुम्ही कागदी प्लेट उलटी करून पेनाने जो नकाशा काढलात ना, तो अजून आमच्या फ्रिजवर आहे. त्याच फ्रँकोनिया नॉच स्टेट पार्कमधली फ्लूम गॉर्ज नावाची अरुंद घळ, 2 मैलांचा लूप, एकाच दिशेने चालायचं, जिने आणि चढ बहुतेक सगळा सुरुवातीलाच. धबधब्याच्या वर फाटा आहे तिथे तुम्ही गोल केला होता, "आईचा गुडघा कुरकुरला तर इथून रिम पाथने खाली बोल्डर केबिनकडे फिरायचं, लाजायचं नाही". बाजूला बारीक अक्षरात मधल्या वाराला जा, सकाळचं तिकीट आधीच ऑनलाइन काढ, तिथे रेंजचा भरवसा नाही, नकाशाचा फोटो काढून ठेव. एवढं सगळं एका प्लेटवर, आणि कडेला वरणाचा डाग.

मंगळवारी गेलो. कड्याला ठोकलेल्या फळ्यांच्या पुलावरून आत शिरलो आणि दोन्हीकडे 70 ते 90 फुटांचे सरळ कडे, मधे कुठे कुठे जेमतेम 12 फूट जागा, खाली पाणी खळाळतंय, फळ्या ओल्या. आईने एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात तुम्ही दिलेली काठी, चष्म्यावर तुषार, दर दहा पावलांनी थांबून ओढणीने पुसायचा आणि म्हणायचं, शिवथरघळीची आठवण येते गं. बाबांना मी समजावलं की ग्रॅनाइटमध्ये बेसॉल्टची उभी चीर घुसली होती, तो बेसॉल्ट पाण्याने लवकर झिजला म्हणून ही घळ झाली, तर त्यांना रागच आला. आमचे सगळे गडकिल्ले बेसॉल्टवर उभे आहेत आणि इथे तो कच्चा? पुढची पंधरा मिनिटं हेच.

धबधब्याच्या वर आई बाकावर टेकली. गुडघा बोलायला लागला होता, मी तुमचा गोल आठवून फाट्याकडे बघत होते. वेळ काढायला म्हणून सांगितलं की ही घळ 1808 मध्ये जेस गर्न्सी नावाच्या म्हातारीला सापडली, मासे धरायला आली होती म्हणतात, वय 93. आईने एकदा माझ्याकडे बघितलं. "त्र्याण्णव? मग मी अडुसष्टाव्या वर्षी काय अर्ध्यातून परत जाऊ?" आणि उठली. काका, मी काही बोलले नाही, तिचा वेग बघून फक्त मागे चालत राहिले.

पुढचं सोपं होतं. सेंटिनल पाइनच्या झाकलेल्या पुलाखाली बाबा वाकून वाकून तो आडवा बुंधा बघत होते, 1938 च्या वादळात पडलेला पाइन, पुढच्या वर्षी त्याच्यावरच पूल बांधला. थालिपीठं खाण्याच्या ब्रेकसकट अडीच तास लागले आम्हाला, लोक दीड तासात करतात, करू देत.

येताना तुम्ही सांगितलेल्या ओल्ड मॅनच्या जागेवरही थांबलो. दगडातला तो चेहरा 3 मे 2003 ला कोसळला, आता वर नुसता कडा, पण न्यू हॅम्पशायरच्या नंबर प्लेटवर म्हातारा अजून आहेच, बाबा घरी येईपर्यंत पुढच्या प्रत्येक गाडीवर तो दाखवत होते.

आईबाबा रविवारी गेले. तुमची काठी आमच्याकडेच आहे, आणि एक कबुली, "फळ्यांवर रबराचं टोपण काढू नका" असं तुम्ही बजावलं होतंत, आम्ही काढलं नाही, ते आपणहून फटीत अडकलं आणि निघून खाली पाण्यात गेलं. नवीन मागवलंय. शनिवारी काठी घेऊन येते, आईने तुमच्यासाठी मेतकुटाची बरणी ठेवलीये, तीही.