वाघ पाहुणा की इथलाच, विष्ठा तपासा ना!

संपादक साहेब,

गोव्यातलं म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प करायचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलंच, गोव्यात वाघ कुठे, कर्नाटकातून येतात नि परत जातात. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टानं तीन महिन्यांत अधिसूचना काढा म्हटलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि वाद तिथं पोचला. मग जानेवारी २०२० मध्ये म्हादईतल्याच गोळावलीत विष घालून मारलेली वाघीण नि तिचे तीन बछडे काय पिकनिकला आलेले?

मुळात यावर भांडत बसायची गरजच नाही. वाघाच्या विष्ठेवर त्याच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात, वरचा थर खरवडून नीट सुकवून लॅबला दिला की डीएनएवरून वाघ की बिबट्या, नर की मादी, मागच्या वर्षीचाच की नवा, सगळं कळतं. हैदराबादची सीसीएमबी, बेंगळुरूची एनसीबीएस या संशोधन संस्थांत हे काम कित्येक वर्षं चाललंय. फक्त आपल्या पावसात नमुना टिकत नाही, त्यामुळे काय ते दिवाळीनंतर सुरू करून मे संपायच्या आत उरकायला हवं.

कॅमेरे आहेत की, असं कोणी म्हणेल. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, कबूल, पण त्याचं शेजारच्या कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पातल्या वाघांशी नातं काय ते पट्टे सांगत नाहीत. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ व्हॉट्सॲपवर सगळे वा वा करत फॉरवर्ड करतात, पण २०२१ च्या अभ्यासात दिसलं की एका जीनमधल्या बदलामुळे ते तसे दिसतात, आणि बाहेरचा वाघ तिथं येत नसल्यानं तो बदल एवढा पसरलाय. आपल्या मोलेच्या जंगलातून रेल्वे, हायवे, वीजवाहिनी न्यायची म्हणताना वाघांची ये-जा तुटेल हे कोणी बघतं का?

आणि एक, धनगरांच्या गुरांचं. गाय मेली की कुणी मारली यावरून पंचनाम्यात घोळ. मानेवरच्या दातांच्या जखमेत जनावराची लाळ असते, कापसाच्या बोळ्यानं ताबडतोब पुसून घेतली तर त्यातूनही डीएनए मिळू शकतो. मात्र रिपोर्ट येईपर्यंत भरपाई अडवून ठेवायची नाही हं, ती आधी द्या, गाय गेलेल्या माणसाला लॅबचं काय सांगता? वनखात्यानं दर वर्षी नमुने घ्यावेत आणि रिपोर्ट लोकांसमोर ठेवावा, फाईलीत नको.

— एक वाचक, वाळपई, सत्तरी