किल्ली कोणाकडे आहे, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या गणेश चवथीआधी आमच्या बसस्थानकावरच्या नव्या शौचालयाची फीत आपण कापलीत. मी पहिल्या रांगेत होतो, टाळ्याही वाजवल्या. 'चोवीस तास खुले राहील,' असे आपण म्हणालात. मंगळवारी सकाळी पावणेसातला त्याला कुलूप होते.

किल्लीवाला नऊला येतो, असे चहावाल्याने सांगितले. माझ्याकडे नऊ मिनिटेही नव्हती. शेवटी 'हागणदारीमुक्त गाव' या पाटीमागच्या झुडपात बसलो. वय 61. बँकेत तीस वर्षे कॅशियर होतो. लोक अजून नमस्कार करतात. त्या दिवशीही एकाने केला.

कॅन्सरमुळे माझे गुदाशय काढले आणि वरचे आतडे खाली जोडले. पोटावरची शौचाची पिशवी सहा महिन्यांनी गेली. 'आता मोकळे झालात,' डॉक्टर म्हणाले. झालो खरा, दिवसाला बारा-चौदा वेळा! गुदाशय म्हणजे साठवणीची टाकी. ती गेली, आणि उरलेले रेडिएशनने ताठर झाले. मग तासात पाचदा थोडे थोडे होते, आणि कळ आली की थांबता येत नाही. याला 'लार्स' म्हणतात, हे वर्षभराने मुलीने मोबाइलवर शोधले तेव्हा कळले. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 2012 साली त्यासाठी पाच प्रश्नांची गुणपत्रिका केली. 30 गुण झाले की त्रास गंभीर. मला 42 पैकी 41. शाळेत एवढे कधी पडले नव्हते.

उपाय आहेत, राग त्याचाच येतो. जेवणाआधी अर्धा तास लोपरामाइड ही जुलाब रोखणारी गोळी, कमी पाण्यात इसबगोल, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, ठरल्या वेळी पाण्याने आतडे धुणे. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर यातले एक अक्षर नव्हते. व्यायाम शिकवणारी बाई पणजीत मिळाली, खासगीत. पणजी म्हणजे दीड तासाची बस. ज्या दुखण्यासाठी जायचे, त्याच दुखण्याने जाता येत नाही! आमच्या तालुक्यात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा, मोठे मागणे नाही.

ऑपरेशन दीनदयाळ या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डावर झाले, सरकारचे उपकार. डायपरसाठी तेच कार्ड काढले तर फार्मसीवाला हसला. महिन्याला तीनेक हजार जातात, जास्तच असतील, बायको हिशेब दाखवत नाही. 2018 साली सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी काढला, उत्तम केले. म्हाताऱ्यांचे डायपर काय हौसेचे असतात?

चवथीला मी घुमट हे मातीचे वाद्य वाजवायचो. दोन वर्षे झाली, आरती मागच्या पडवीतून ऐकतो, संडासाच्या दाराला पाठ लावून. जेवणाच्या पंगतीला तर बसतच नाही. घरी येऊन पेज पितो. पाव्हणे म्हणतात, भाऊंना गर्व आला.

आणि पात्रांव, चाळीस आमदारांपैकी कितीजण बसने फिरतात? पुलांना रोषणाई होते, कॅसिनोंना रात्रभर दिवे असतात, तिथले संडास नऊला उघडत नसणार. 1961 साली आम्ही गोवेकर मुक्त झालो म्हणतात. मला घरापासून दोन किलोमीटर जायचे तर आदल्या रात्री उपास करावा लागतो.

शुक्रवारी पुन्हा पणजीला यायचे आहे, सातच्या बसने. तोपर्यंत किल्ली कोणाच्या घरी असते तेवढे कळवा. मीच जाऊन आणीन.

आपला,
टाळ्या वाजवणारा एक मतदार