जाहीर नोटिशीने काडीमोड होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर अधूनमधून एक ठरावीक मजकूर दिसतो. पत्नी अमुक तारखेपासून घर सोडून गेली आहे, तिचा-माझा संबंध उरलेला नाही, तिच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही, वगैरे. त्याच पानावर कधी कधी दुसरी एक नोटीस असते, अगदी बारीक टायपातली. वर न्यायालयाचे नाव, खाली अर्ज क्रमांक, 'सामनेवाला' (म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) आणि हजर राहण्याची तारीख. गावात पहिलीची चर्चा होते, दुसरीवर वडे गुंडाळले जातात. कायद्याच्या दृष्टीने नेमके उलटे व्हायला हवे, म्हणून हे पत्र.

पहिल्या नोटिशीने लग्न तुटत नाही. शंभराच्या किंवा आता पाचशेच्या स्टॅम्पवर दोन साक्षीदार घेऊन, नोटरीचा शिक्का मारून केलेल्या सोडचिठ्ठीनेही तुटत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. त्यात लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच. एक अपवाद कलम २९(२) मध्ये आहे. ज्या समाजात रूढीने फारकत चालत आली आहे, तिथे ती रूढी मान्य होते. पण ती रूढी जुनी, अखंड आणि त्या समाजात सर्वमान्य आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि 'आमच्यात असंच चालतं' हा काही पुरावा नव्हे. पंचांच्या बैठकीतला कागद घेऊन दुसरे लग्न केले तर ते कलम ११ नुसार रद्दबातल ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या लग्नाची मुले औरस धरली जातात, त्यांचा दोष नाही. पण पेन्शनचा प्रश्न निघाला की 'दुसरी' रिकाम्या हाताने परत जाते. हे तिला लग्नाआधी कोणी सांगत नाही.

दुसरा गैरसमज वर्षांचा. 'बारा वर्षं वेगळे आहोत, आपोआपच मोकळे झालो.' आपोआप काहीही होत नाही. सलग दोन वर्षे विनाकारण टाकून जाणे हे घटस्फोट मागण्याचे कारण आहे, सात वर्षे जिवंत असल्याची खबर नसणे हेही आहे. पण मागावे लागते आणि शाबीत करावे लागते. संसार पूर्ण मोडीत निघाला एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार खालच्या न्यायालयांना नाही. तो सर्वोच्च न्यायालय घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली वापरते, हे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने स्पष्ट झाले आहे. लग्नाला वर्ष पुरे झाले नसेल तर अपवादात्मक हालअपेष्टा दाखवल्याशिवाय अर्जच घेत नाहीत.

दोघे राजी असतील तर त्याच हिंदू विवाह कायद्याचे कलम १३ब. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर तेही 'वेगळे'च. पहिल्या तारखेनंतर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा सांगायचे. सहा महिने माफ होतात का, हे सगळेच विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर होऊ शकतात. पण तेव्हा, जेव्हा पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहणे झाले आहे, समेटाचे प्रयत्न फसले आहेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा, देणीघेणी यांचा खरोखर निकाल लागला आहे. माफीचा अर्ज पहिल्या तारखेनंतर आठवड्याने देता येतो. घाई एवढेच कारण असेल तर तो फेटाळला जातो.

इथेच एक फसगत होते. दुसऱ्या तारखेपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी रोख दिली आणि नंतर माणूस फिरला, तर हातात ना पैसा ना निकाल. उलट बाजूने, बाईने सगळ्या तक्रारी आधी मागे घेतल्या आणि रक्कम आलीच नाही, असेही होते. म्हणून निम्मी रक्कम पहिल्या तारखेला, उरलेल्या निम्म्याचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर. दागिन्यांची यादी ग्रॅममध्ये लिहावी. 'सर्व स्त्रीधन मिळाले' ही ओळ न मोजता कधीही लिहू नये.

आता मुलांचा ताबा. भांडण ताब्याच्या तत्त्वावर फार क्वचित होते, कागदावरच्या ढिसाळ वाक्यावर मात्र वर्षानुवर्षे चालते. संमतीच्या अर्जात सर्रास दोन ओळी असतात: 'मुलाचा ताबा आईकडे राहील. वडिलांना मुलास सोयीनुसार भेटण्याची मुभा राहील.' कोणाच्या सोयीनुसार? पहिले तीन महिने गोडीत जातात, मग रविवारी मुलाचा क्लास निघतो, मग ताप, मग फोन लागत नाही. बाप दरखास्त (हुकूम अमलात आणण्याचा अर्ज) घेऊन येतो तेव्हा न्यायाधीश विचारतात, कोणती अट मोडली? मोडायला अटच लिहिलेली नसते.

त्याऐवजी असे लिहावे: 'दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता वडील मुलास आजोळच्या दारातून घेतील व सायंकाळी सहा वाजता तिथेच आणून सोडतील. आजारपणामुळे भेट चुकल्यास ती लगेचच्या रविवारी होईल. बुधवार व शनिवार सायंकाळी सात ते साडेसात व्हिडिओ कॉल होईल.' सुट्ट्यांचेही तसेच. 'दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी' पुरत नाही. पहिली अर्धी कोणाची, लक्ष्मीपूजन कोणाकडे, एका वर्षाआड बदलायचे का, ते लिहा. दोन भावंडे दोघांकडे वाटली गेली असतील तर भाऊबीज कुठे, तेही. बापाच्या गावची जत्रा मुलाला हवी असते. तिचा एक दिवस घातला तर बिघडत काही नाही. शाळा बदलायची किंवा जिल्हा सोडायचा तर दुसऱ्याला तीस दिवस आधी लेखी कळवायचे, ही अट जरूर घालावी, कारण शाळेचा दाखला गुपचूप काढला की पुढची सगळी पाने फुकट जातात. भेटीची जागा म्हणून पोलीस ठाणे लिहू नये. मूल तिथे एकदा गेले की पुढच्या वेळी यायला रडते, आणि मग 'मुलालाच भेटायचं नाही' असा जबाब तयार होतो.

आणि माणूस पाहून लिहावे. विटा-आटपाडीकडचे गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले बाप दक्षिणेत, बंगालमध्ये, कुठे कुठे असतात. त्यांना पहिला-तिसरा रविवार देणे म्हणजे काही न देणे. मे महिन्यातले सलग दहा-पंधरा दिवस आणि दिवाळीचे चार दिवस त्यांना खरे उपयोगाचे.

पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. पाचवा वाढदिवस झाला की मुलगा आपोआप बापाकडे, असे मात्र त्यात कुठेही नाही. 'सात वर्षांचा झाला की बापाचा' ही समजूत मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातल्या हनफी नियमावरून पसरली असावी. तिथेही १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय मुलाचे हित पाहतेच. मुलाला विचारतात का? विचारतात, बहुतेक वेळा चेंबरमध्ये, आई-बापांना बाहेर ठेवून. त्याला ठरलेले वय नाही, समज पाहतात. पढवलेले मूल ओळखू येते. नऊ वर्षांचे पोर 'वडिलांचे वर्तन क्रूरतेचे आहे' असे म्हणाले की ते वाक्य कोणाचे, हे न्यायाधीशांना कळते.

ताब्यासाठी घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. घटस्फोटाचा अर्ज चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मागता येतो, आणि मुलाच्या खर्चाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. घटस्फोट मागायचाच नसेल तर १८९० च्या कायद्याने, मूल जिथे नेहमी राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे. 'नेहमी' हा शब्द महत्त्वाचा. इस्लामपूरच्या शाळेत तिसरीत असलेले पोर गेल्या आठवड्यात उचलून पुण्याला नेले म्हणून दावा पुण्याचा होत नाही. असे उचलून नेल्यावर पोलिसांकडे गेले तर आई-बापांतलाच वाद म्हणून ते बहुधा कोर्टाची वाट दाखवतात. कायदेशीर ताबा डावलून मूल दडवले असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याच्या आदेशाचा, मार्ग आहे. त्यासाठी सांगली-साताऱ्याच्या लोकांना आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. म्हणूनच 'आई मुलासाठी पुढे कधीही पोटगी मागणार नाही' हे कलम लिहिले तरी त्याने मुलाचा हक्क जात नाही. तो हक्क आईचा नाहीच, तिने सोडायचा कुठून? आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवणे किंवा भेट नाही म्हणून पोटगी थांबवणे, दोन्ही चूक. दोन वेगळे हुकूम, दोन वेगळ्या वसुल्या.

पोटगीत आपल्या भागाची खास अडचण म्हणजे 'मी शेतकरी, उत्पन्न काही नाही'. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, पण त्यातले शेतीचे रकाने कोरे सोडलेले असतात. कोरा रकाना भरून काढायचे साधन समोरच्याच्या हातात असते. महाभूलेखवरून आठ-अ काढा, म्हणजे खात्यावरची एकूण जमीन कळते; मग एकेक सात-बारा, त्यातली पीकपाहणी. ऊस असेल तर बिल कारखान्याकडून बँक खात्यातच येते, तेव्हा त्या खात्याचा उतारा मागवण्याचा अर्ज द्या. दुधाचे बिल डेअरीत मिळते. तासगाव-सांगलीला बेदाणा गेला असेल तर अडत्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) असते. तोंडी 'चार एकर बागायत आहे' म्हणण्यापेक्षा दोन हंगामांच्या पट्ट्या जास्त बोलतात. कायम पोटगीचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर ठेवण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्येच आहे. हुकूम झाला की तलाठ्याकडे अर्ज देऊन 'इतर हक्कां'त नोंद करून घ्यावी. नवरा सैन्यात असेल तर पगारातून पोटगी कापण्याची सोय लष्करी कायद्यात आहे.

दंडाधिकाऱ्यांकडची पोटगी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे. तिच्या वसुलीची मुदत अनेकजणी हुकवतात. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यायचा असतो. 'साठू दे, एकदम मागू' म्हणून तीन वर्षे थांबले की जुनी थकबाकी या वाटेने हातची जाते. अकरा महिने झाले की अर्ज टाकावा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

खर्चाचे थोडक्यात: महाराष्ट्रात स्त्रियांना पोटगी आणि घटस्फोटाच्या अर्जांना कोर्ट फी माफ आहे. स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज द्यायचा. फोन १५१००. सोबत लग्नाचा दाखला न्यावा. तो नसेल तर लग्नपत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले.

आता ती बारीक टायपातली दुसरी नोटीस. समन्स घेऊन बेलिफ गेला आणि माणूस सापडला नाही, किंवा टाळतो आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम २० खाली वर्तमानपत्रात समन्स छापता येते. छापले की बजावणी झाली असे धरतात. तारखेला कोणी आले नाही तर एकतर्फी चालवून निकाल होतो, आणि सासरी-माहेरी कोणाला पत्ता नसताना घटस्फोट झालेला असतो. पत्नीचा माहेरचा पत्ता ठाऊक असूनही अर्जात जुना, भाड्याच्या खोलीचा पत्ता देणे ही यातली नेहमीची खोड. पण नियमच सांगतो की ते वर्तमानपत्र प्रतिवादी शेवटी राहत असल्याचे माहीत असलेल्या भागात खपणारे दैनिक हवे. कोइमतूरहून कवठेमहांकाळला परत आलेल्या बाईचे समन्स तिकडच्या तमिळ पेपरात छापले असेल, तर तो मुद्दा तिच्या बाजूचा आहे. एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करायचा. समन्स रीतसर बजावले नसेल तर हे तीस दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. आणि मुदत मोजण्यापुरते पेपरातले समन्स रीतसर बजावणी धरले जात नाही. पण कळल्यानंतर एकतिसावा दिवस उजाडला की उशीर माफ करून घेण्याची वेगळी लढाई सुरू होते. लढून झालेल्या निकालावर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची. तोवर कोणीही बोहल्यावर चढू नये.

आपल्याकडे विनंती एवढीच. न्यायालयाच्या नोटिशी आतल्या पानात निविदांच्या गर्दीत न टाकता एका ठरलेल्या जागी, वाचता येईल अशा टायपात छापाव्यात आणि त्यावर तालुक्याचे नाव ठळक असावे. आणि संबंध तोडल्याची खासगी नोटीस घेताना आपल्या जाहिरात विभागाने देणाऱ्याला विचारावे, हुकूमनाम्याचा क्रमांक आहे का?

आपला,
एक वकील
विटा, जि. सांगली