परसातले घर: परवाना सोपा, पाया महाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या भागांतली अनेक मराठी कुटुंबे मागच्या अंगणात छोटे स्वतंत्र घर बांधण्याच्या विचारात आहेत. कुणाला ते आईवडिलांच्या मुक्कामासाठी हवे असते, कुणाला भाड्याच्या उत्पन्नातून कर्जाचा हप्ता हलका करायचा असतो. असा निर्णय घेताना पुण्या-नाशिकच्या घरीही चर्चा होते, म्हणून हे पत्र मराठी वृत्तपत्राला. आम्ही अशा घरांचे आराखडे करणारे आणि बांधकामावर देखरेख करणारे अभियंते आहोत. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने परवाना सोपा केला, पण साध्या मिळकतीच्या घरमालकाला खरी मदत लागते ती पाया भरण्याआधी, आणि तिथली मदत टिकलेली नाही, हे आम्हाला सांगायचे आहे.

कायद्याचे श्रेय द्यायलाच हवे. २०१७ पासून, आणि विशेषतः १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या सुधारणांनी शहरांची अडवणूक पुष्कळ कमी केली. अर्ज परिपूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही. बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून ४ फूट अंतर पुरते. ८०० चौरस फुटांपर्यंतचे एकमजली घर चटईक्षेत्राच्या नियमावर बोट ठेवून नाकारता येत नाही. ७५० चौरस फुटांच्या आतल्या घराला विकास शुल्क माफ आहे, म्हणून आम्ही बहुधा ७४० चा आराखडा सुचवतो. त्या दहा चौरस फुटांनी राहणाऱ्याला फरक पडत नाही, खिशाला पडतो. मालमत्ता कर वाढतो तो फक्त नव्या बांधकामाच्या मूल्यावर, जुन्या घराचे मूल्यांकन तसेच राहते. २०१६ मध्ये राज्यभरात अशा घरांचे परवाने दीड हजारांच्या आत होते, आता ते वर्षाला वीस हजारांच्या वर जातात.

पण परवाना म्हणजे घर नव्हे. अंदाजपत्रक कोसळते ते जमिनीखाली.

पहिली अडचण सांडपाण्याची. वाहिनीला साधारणपणे दर फुटाला पाव इंच ढाळ लागतो. नवे घर जोडणीच्या जागेपासून ८० फूट मागे असेल तर २० इंच खाली उतरावे लागते. जुन्या घराची लाइन तेवढी खोल नसेल तर मैला उपसून वर चढवणारा पंप बसवावा लागतो. त्याला वीज, धोक्याची घंटा आणि कायमची देखभाल आली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरांत बहुतेक वेळा मातीचे पाइप असतात आणि सांध्यांतून झाडांची मुळे शिरलेली असतात. हे चर खणल्यावर कळले तर काम थांबते, खर्च वाढतो आणि कंत्राटदाराशी वाद सुरू होतो. लाइनमध्ये कॅमेरा घालून तपासणी काही शे डॉलरमध्ये होते. आर्किटेक्टला पैसे देण्याआधी ती करून घ्यावी.

दुसरी अडचण विजेची. अनेक जुन्या घरांचे मुख्य पॅनल १०० अँपिअरचे असते. नव्या घरात हीट पंप (हवेतली उष्णता आत-बाहेर नेऊन घर गरम किंवा थंड करणारे विजेचे यंत्र), पाणी तापवण्याचे यंत्र आणि इंडक्शन शेगडी आली की २०० अँपिअरची गरज दिसू लागते, आणि रस्त्यावरून येणारी जोडणी वाढवून द्यायला वीज कंपनी कित्येक महिने लावू शकते. घर बांधून तयार, पण वीज नाही म्हणून ताबा नाही, अशी अवस्था यातूनच येते. म्हणून आधी भाराचे गणित मांडावे. १२० व्होल्टवर चालणारे हीट पंप वॉटर हीटर आणि भार वाटून देणारे नियंत्रक वापरले तर काही घरांत जुन्या जोडणीवरच भागते. नव्या स्वतंत्र घराला सौर पॅनल सहसा बंधनकारक असतात; तो खर्च पहिल्याच अंदाजात धरावा.

तिसरी गोष्ट हद्दीची. कायदा ४ फूट म्हणतो, पण अग्निसुरक्षेच्या नियमानुसार हद्दीपासून ५ फुटांच्या आतली भिंत सहसा तासभर आग रोखणारी असावी लागते, तिच्यातल्या खिडक्यांच्या क्षेत्रफळावर मर्यादा येते आणि वळचणीलाही खालून संरक्षण द्यावे लागते. जागा असेल तर घर आणखी एक फूट आत घ्या, आणि वळचणही ५ फुटांच्या आत येऊ देऊ नका. मागच्या कुंपणालगत अनेकदा वीज किंवा पाणी खात्याचा हक्काचा पट्टा असतो, त्यावर बांधता येत नाही. तो मालमत्तेच्या कागदपत्रांत असतो, पण कित्येकांना आराखडा परत आल्यावरच कळतो.

हे सगळे त्या त्या जागेचे प्रश्न आहेत, म्हणून तयार मंजूर आराखड्यांवर फार विसंबू नये. १ जानेवारी २०२५ पर्यंत प्रत्येक शहराने असे आराखडे मंजूर करण्याची सोय करावी, असा कायदा झाला आहे. ते वापरल्यास निर्णय ३० दिवसांत मिळतो. सोय चांगलीच आहे, पण तो आराखडा घराचा असतो. माती, ढाळ, चर यांचे उत्तर त्यात नसते. कारखान्यात बनून येणाऱ्या घराच्या जाहिरातीतल्या किमतीतही पाया, चर, जोडण्या आणि क्रेन सहसा धरलेली नसते.

पैसे देताना एक नियम पाठच असावा. कॅलिफोर्नियात घराच्या बांधकाम-दुरुस्तीच्या कंत्राटदाराला आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. ‘कारखान्यात नंबर लावायचा आहे’ म्हणून तीस-चाळीस हजार मागणाऱ्याला तिथेच थांबवावे. उपकंत्राटदाराचे पैसे थकले तर तो तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, तुम्ही मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले असले तरीही. प्रत्येक हप्त्याबरोबर सगळ्यांची, असा बोजा चढवण्याचा हक्क सोडल्याची सही केलेली पत्रे घ्यावीत.

आता मदतीविषयी. मोजणी, माती परीक्षण, आराखडे, ऊर्जा अहवाल, शुल्क, चर हे सारे पैसे लाकडी सांगाडा उभा राहण्याआधी रोख लागतात, आणि बँक सर्वांत नाखूष असते ती याच टप्प्यावर. २०२०-२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलेल्यांना ते मोडून त्याहून चढ्या दराने नवे घेणे परवडत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून एफएचए या गृहकर्जांना विमा देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या विम्याच्या कर्जांत अशा घराचे अपेक्षित भाडे उत्पन्नात धरता येते: घर उभे असेल तर ७५ टक्के, नवे बांधायचे असेल तर ५० टक्के. पण तेही कर्जच. कॅलिफोर्निया हाउसिंग फायनान्स एजन्सीने मर्यादित उत्पन्नाच्या घरमालकांना नेमक्या या बांधकामपूर्व खर्चासाठी ४०,००० डॉलरपर्यंत अनुदान दिले. योजना योग्य जागी बोट ठेवणारी होती. डिसेंबर २०२२ मध्ये निधी संपला, वर्षभराने थोडा आला आणि तोही लगेच संपला. शिवाय ते घर कमी भाड्याने द्यावे अशी अट नव्हती. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले घर बाजारभावाने जात असेल तर त्याला परवडणारे घर म्हणणे आम्हाला पटत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना घरकुलाचे हप्ते माहीत आहेत: मंजुरीबरोबर पहिला, पुढचे कामाच्या टप्प्यांप्रमाणे. ती रक्कम तुटपुंजी आहे, पण क्रम बरोबर आहे. कॅलिफोर्नियातही कायमस्वरूपी फिरता निधी हवा, म्हणजे परतफेडीतून पुढच्यांना देता येईल असा. त्यातून पहिला हप्ता जागेच्या तपासणीसाठीच द्यावा. तपासणीत घर परवडणार नाही असे निघाले तर ती रक्कम माफ व्हावी, म्हणजे माणूस भीतीपोटी तपासणी टाळणार नाही. उरलेले पैसे बिनव्याजी असावेत आणि भाडे सुरू झाल्यावर फेडावेत.

त्या बदल्यात पाच ते दहा वर्षे भाड्यावर मर्यादा असावी. लॉस एंजेलिस शहराने ज्येष्ठ भाडेकरू आणि परसातल्या घरांचे मालक यांची गाठ घालून देणारी योजना राबवली. तीत भाडेकरूची निवड आणि भाड्याचा काही भार शहराने उचलला. भाडे बुडण्याची भीती ही छोट्या घरमालकाची सर्वांत मोठी भीती असते, आणि ती दूर झाली की तो कमी भाड्यालाही तयार होतो. सॅन होजेसारख्या शहरांनी हीच पद्धत आपल्या पुढच्या अंदाजपत्रकात घ्यावी आणि तिथल्या मराठी घरमालकांनी नगर परिषदेच्या सभेत जाऊन ती मागावी.

आपले,
बे एरियातील काही मराठी स्थापत्य अभियंते
सॅन होजे, कॅलिफोर्निया